बाग ताणावर असताना

डिसेंबरात जालन्याकडे जाणार असाल तर काय न्यावं ते आधी सांगून टाकते, कारण माझी बॅग चुकली होती. दुपारी सुती कपडे लागतात, ऊन उतरलं की स्वेटर, आणि काळ्या रानात चालायला जुने बूट. मी नेल्या दोन चांगल्या साड्या, नाजूक चपला आणि किलोभर बाकरवडी. त्यातली कामाला आली ती फक्त बाकरवडी.

मी पुण्यात मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेचा कारभार बघते. उंदरांचे पिंजरे, रसायनं, बिलं, रजेचे अर्ज, बिघडलेला एसी. विज्ञान मी शिकलेले नाही. जे करतात त्यांना लागेल ते वेळेवर मिळवून देते. मुक्ता तिथे काम करते. तिचा विषय मला तिच्याकडून ऐकून ऐकून पाठ झाला आहे. कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्यात शेजारच्या पेशींना गप्प बसवणाऱ्या काही चेतापेशी असतात. त्या सगळ्या एका जातीच्या नसतात. कोणती जात कोणत्या कामाला लागते, हे मुक्ता उंदरांमध्ये शोधते.

मुक्ता अंबड तालुक्यातली. तिचे वडील, आण्णा, गेल्या वर्षी पावसाळ्यात मोटरसायकलवरून पडले आणि कपाळाला मार लागला. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, माणसं ओळखतात. पण मनात आलं की ते करून टाकतात. थांबणं म्हणून काही उरलं नाही. घरची मोसंबीची बाग त्यांनीच लावलेली, आणि त्या बागेला पाणी देणाऱ्या मोटारीच्या खटक्यापासून आता त्यांचा हात आवरेना. मुक्ताचा भाऊ विष्णू त्यांना कायमचं जालन्याला, आपल्या घरी नेणार होता. आईची तयारी नव्हती.

"शैलाताई, तुम्ही चला," मुक्ता म्हणाली. "मी एकटी बोलले की घरात भावाबहिणीचं भांडण होतं. बाहेरचं माणूस बसलेलं असलं की सगळे नीट बोलतात."

मला चार दिवसांची रजा शिल्लक होती. गेले.

जालना, मस्तगड

विष्णूचं दुकान मस्तगडात आहे. जळलेल्या पाण्याच्या मोटारी तो पुन्हा तारा भरून चालू करून देतो. दुकानात तांब्याच्या तारेचा आणि वार्निशचा वास, दारात लाईनीत ठेवलेल्या मोटारी, प्रत्येकीवर खडूने गावाचं नाव. मला ही पद्धत फार आवडली. आमच्या स्टोअरमध्ये अशी शिस्त लावायला मला वर्षं गेली.

त्याच्या बायकोने सुशीला केली होती. नाव ऐकून मला वाटलं कोणी पाहुणी येणार आहे. चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-दाण्याच्या कुटात परतलेला तो नाश्ता आहे. आपल्या पोह्यांपेक्षा हलका, आणि तिखटाच्या बाबतीत दयामाया नाही. मी "पुरे" म्हटलं तर आणखी एक डाव पडला. पुण्यात पुरे म्हटलं की वाढणारी थांबते. इथे पुरे म्हणजे पाहुणी आता खुलली, असं धरतात.

विष्णूने आम्हाला वरची खोली दाखवली. नवा पलंग, नवी गादी, खिडकीला जाळी. भिंतीवर त्याने आण्णांचा जुना फोटो लावला होता, बागेत उभे असलेला.

"हे बघा मॅडम, मला काही बाप जड झाला न्हाई," तो म्हणाला. "पण तिथं विहीर हाय, करंट हाय. परवा वल्ल्या हातानं मोटारीची पेटी उघडून राह्यले होते. कोण बघणार? मी हितं मोटारी भरायच्या का तिकडं जाऊन बसायचं?"

"आणि इथं दिवसभर काय करतील ते?" मुक्ताने विचारलं.

"टीव्ही हाय."

"दादा, आण्णांनी आयुष्यात कधी टीव्ही पाह्यलाय का?"

"मंग आता बघतील. रविवारी गाडी घेऊन येतो. तुला जे काय समजून सांगायचं ते तव्हर मायला सांग."

माणूस रागीट नव्हता. घाबरलेला होता. दोन्हींचा आवाज एकसारखा येतो, म्हणून नीट ऐकावं लागतं.

मळ्यात

अंबडहून पुढे रिक्षाने मळ्यात पोचलो तेव्हा आण्णा बाजेवर बसून माझ्याकडे निरखून बघत होते. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक आडवा व्रण.

"बाई, केस रंगवलेत का तुम्ही?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

"हो," मी म्हटलं.

"मुळाशी पांढरे दिसून राह्यले."

मुक्ताची आई, जिला सगळे माय म्हणतात, पदर तोंडाला लावून आत पळाली. हसायला की लाजायला, कळलं नाही. मी हसले, आणि त्या क्षणापासून आमचं जमलं. खरं सांगायचं तर ऑफिसात हे सगळ्यांना दिसत असतं, बोलत कोणी नाही.

जेवणात बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसाला घालून दळलेलं पीठ. वर्षभर डब्यात असतं. पाहुणे आले की पाण्यात कालवून उकळायचं. प्रत्येक कामकरी घरात हा डबा असावा असं माझं मत झालं. आण्णांनी माझ्या ताटातला गूळ उचलून खाल्ला. माय म्हणाली, "अवं! पाहुण्याच्या ताटातलं?" त्यांनी हात बघितला, रिकामा झालेला, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. म्हणाले, "पाहुण्याच्या ताटाला हात लावू नये." आणि ते म्हणत असतानाच दुसरा खडा उचलला.

नियम पाठ होता. हात मात्र नियमाची वाट बघत नव्हता.

बाग

आता मोसंबीबद्दल, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. मोसंबीला फुलं आणायची तर हिवाळ्यात तिचं पाणी तोडतात. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. पानं मलूल होतात, वळतात, काही पिवळी पडून गळतात. बघणाऱ्याला झाड मरतंय असं वाटतं. मग योग्य वेळी आधी हलकं पाणी, मग भरपूर, आणि झाड फुलांनी भरून जातं, तो बहार. मधेच पाणी दिलं तर ताण मोडतो आणि फुलांच्या जागी नुसती पालवी येते. गेल्या हिवाळ्यात हेच झालं. आण्णांना मलूल पानं दिसायची आणि ते जाऊन मोटार चालू करायचे. बाग हिरवीगार झाली आणि फळ आलं नाही.

"कुलूप नाही लावलं?" मी विचारलं. माझा स्वभाव.

"लावलं न," माय म्हणाली. "कुलपाला हात न्हाई लावला त्यांनी. पेटीच तोडली."

"मोटारच काढून ठेवली तर?"

"मंग गव्हाला पाणी कोण देईल? अन् ढोरं काय पितील?"

विहिरीजवळच्या पेटीवर विष्णूने लाल रंगात मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: मोटार चालू करू नये. मायने सांगितलं की आण्णा येता-जाता ते मोठ्याने वाचतात, "मोटार चालू करू नये," आणि चालू करतात. सांगताना तिला हसू आवरेना आणि लगेच डोळे पुसायला लागली. शेतात कोणीही असो, आण्णा पेटीकडे वळले की सगळे चारी बाजूंनी ओरडायचे, "आण्णा, मोटार नका लावू! मोटार!" आणि आण्णांची चाल आणखी जलद व्हायची.

दुपारी मुक्ताने बाकरवडीचा डबा बाजेवर ठेवला. "आण्णा, खेळ खेळू. मी एक टाळी वाजवली की एक बाकरवडी उचलायची. दोन वाजवल्या की हात लावायचा नाही. सांगा बरं, काय करायचं?"

"एकीला उचलायची. दोहोंला बिलकुल न्हाई."

एक टाळी. उचलली. एक टाळी. उचलली. दोन टाळ्या. उचलली, आणि खाता खाता म्हणाले, "दोहोंला बिलकुल न्हाई." पुन्हा दोन. पुन्हा तेच. माय खदखदून हसत होती. डबा निम्मा झाला तसा तिने तो ओढून मांडीवर घेतला.

"मुक्ते," ती म्हणाली, "तू तिकडं उंदरायच्या डोक्यात थोपवणाऱ्या पेशी बघती न्हं? मंग यांच्या त्या मेल्या का?"

मुक्ताने आधी एक काडी उचलली. मी तिला परिषदांमध्ये बोलताना ऐकलंय; तिथे ती इतकं जपून बोलत नाही.

"असं न्हाई सांगता येत, माय. मार लागला तव्हा सगळ्याच जातीच्या पेशींना लागला, मधल्या धाग्यांनाबी लागला. आणि मी उंदीर बघते, आण्णांच्या डोक्यात मी पाह्यलं न्हाई. पण एक सांगते. थांबणं हे एक काम न्हाई. लोकांना वाटतं डोक्यात एक ब्रेक असतो आणि तो तुटला. तसं नसतं."

मग तिने जमिनीवर काडीने एक झाड काढलं, म्हणजे एक मोठी पेशी. एक जात, ती म्हणाली, मोठ्या पेशीच्या बुंध्याला धरून असते आणि तिला ठेक्यात ठेवते, म्हणजे सगळ्यांनी एकदम कालवा करू नये. दुसरी फांद्यांच्या टोकांशी बसते. बाहेरून जे संदेश येतात त्यातलं काय आत येऊ द्यायचं ते चाळते. एखादी गोष्ट थोडा वेळ डोक्यात धरून ठेवायची तर हे चाळणं उपयोगी पडतं असं दिसतं. आणि तिसरी जात या थोपवणाऱ्यांनाच थोपवते.

"थोपवणाऱ्याला थोपवून काय करायचं?" मायने विचारलं. माझाही पहिल्या दिवशी हाच प्रश्न होता.

"वाट मोकळी करायची. एक धरलेलं सोडून दुसरं धरायचं असलं की लागते ती. नुसतं सगळं गप केलं तर माणूस दगड होईल, माय. कुणी कव्हा गप बसायचं आणि कुणाला कव्हा बोलू द्यायचं, यावर सगळं चालतं. कोणती जात नेमकं कशात किती, ते अजून शोधून राह्यलो आम्ही."

आण्णा ऐकत होते. काडीच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, "याची छाटणी बराबर न्हाई." आणि मुक्ताच्या हातातली काडी घेऊन खालच्या फांद्या पुसून टाकल्या.

शहागड

तिसऱ्या दिवशी आण्णांना फिरवून आणायचं ठरलं. शहागड गोदावरीवर आहे, हमरस्त्यालगत. ट्रक थांबतात, भजी तळली जातात, आणि पुलावरून नदीचं पात्र बघायला मला हवं होतं. पात्र रुंद, पाणी शांत, काठावर हरभऱ्याची हिरवी रानं. मी गोदावरी नाशिकला पाहिलेली, घाटांमध्ये दाटलेली. इथे तिला हातपाय पसरायला जागा मिळाली आहे.

हॉटेलात गोंधळ झाला. शेजारच्या बाकावर एक ट्रकवाला भजी खात होता. आण्णांनी वाकून त्याच्या ताटलीतलं एक भजं उचललं.

ट्रकवाला उठला. "ओ काका, काय हे?"

"मीठ कमी हाय," आण्णा म्हणाले.

मुक्ता लालबुंद. मी पर्समध्ये हात घालून दुसऱ्या ताटलीची ऑर्डर द्यायला निघाले. मायने मात्र काही स्पष्टीकरण दिलं नाही, आण्णांना थांबवलंही नाही. तिने हिरव्या मिरच्यांची वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "त्यायला मिरच्या वाढा बरं."

आण्णांनी ट्रकवाल्याला मिरच्या वाढल्या. मग पुढच्या बाकाला. मग उरलेल्या सगळ्यांना, यजमानासारखं, "घ्या, लाजू नका," करत. ट्रकवाला खाली बसला, हसायला लागला, म्हणाला, "चाचा, आपल्या गाडीवर चला, क्लीनर पाह्यजेच हाय." आण्णा म्हणाले, "पगार सांग." वाटी रिकामी होईपर्यंत त्यांचा हात एकाही ताटलीत गेला नाही.

मी मुक्ताकडे पाहिलं. मुक्ता मायकडे बघत होती.

"माय, हे तू नेहमी करतीस?"

"काय?"

"हातात काहीतरी देणं."

"मंग काय करू? थांबा म्हणलं की त्यायला ऐकू येतं पर थांबता येत न्हाई. दुसरं काम दिलं की ते करतात." तिने चहा बशीत ओतला. "पर मोटारीपाशी मी नसते न. लाईट येती तव्हा मी कधी भाकरी करून राह्यले, कधी ढोराकडं."

मला इथे एकदम कामाचं काहीतरी दिसलं. शेताला तीन फेजची वीज दिवसभर नसते. पाळीने येते, आठवड्याचं वेळापत्रक असतं. म्हणजे आण्णांवर दिवसभर पहारा नको. वीज असेल तेवढाच वेळ त्यांच्याजवळ कोणीतरी हवं, आणि त्यांच्या हातात काम हवं. परतताना रिक्षात मी मायला विचारून घेतलं कोणत्या आठवड्यात वीज कधी, गव्हाला पाणी कोण देतं, शेजारच्या मळ्यातलं कोण कधी मोकळं असतं. अशा गोष्टी मला सुचतात. मुक्ताला पेशी दिसतात, मला पाळ्या दिसतात.

"विष्णूला पटेल?" मी विचारलं.

"बोलून न्हाई पटायचं," माय म्हणाली.

रविवार

विष्णू सकाळीच गाडी घेऊन आला. आण्णांचे कपडे त्याने स्वतः पिशवीत भरले. घड्या नीट घातल्या. माय चुलीजवळून हलली नाही. त्या दिवशी हुरडा होता. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून, हातावर चोळून, दाणे लसणाच्या चटणीबरोबर खायचे. कोणाचंच लक्ष खाण्यात नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटते, कारण इतका गोड हुरडा मी कधी खाल्लेला नाही.

मुक्ताने विष्णूला सगळं सांगितलं. शहागडची मिरचीची वाटी, विजेच्या पाळ्या, कोण कधी जवळ बसेल.

"मुक्ते, हे हाटेलात झालं," तो म्हणाला. "हितं पेटीपाशी करून दाखव."

तेवढ्यात पेटीवरचा दिवा लागला. वीज आली होती.

आण्णांनी आधी बागेकडे पाहिलं. पानं वळलेली, धुळकट, खाली पिवळा थर. मग ते उठले आणि पेटीकडे निघाले. विष्णूने ओरडायला तोंड उघडलं. मी त्याचा दंड धरला. पाहुणीने असं करणं बरं नव्हे, पण केलं.

माय चुलीजवळून उठली. हात राखेचे. धावली नाही. आण्णांच्या बरोबरीने चालायला लागली आणि म्हणाली, "अवं, बाईला मातीतली वल बघायची हाय. झाडाखाली कशी बघतात ते दाखवा न."

खुरपं तिने त्यांच्या हातात ठेवलं. आण्णांचे पाय अजून पेटीकडेच होते. एक पाऊल त्यांनी तसंच टाकलंही. मग हातातल्या खुरप्याकडे पाहिलं आणि वळले.

"या," ते मला म्हणाले. "चपला काढा, त्या फॅशनी चपला रुततील."

मी अनवाणी गेले. पहिल्या ओळीतल्या झाडाखाली ते उकिडवे बसले, वरची कोरडी माती बाजूला सारली, आणि हातभर खोल खणलं. खालची माती काढून मुठीत दाबली. मूठ उघडली तर मातीचा गोळा तसाच राहिला होता.

"हे बघा. वरतून मेल्यासारखं दिसतं. खाली वल हाय अजून. आपली काळी जमीन जल्दी सोडत न्हाई पाणी." त्यांनी गोळा माझ्या हातावर ठेवला. थंड होता. "हे फुटायला पाह्यजे हातात. तव्हर न्हाई."

मग ते थांबले. मान वळवून पेटीकडे पाहिलं. दिवा लागलेला होता.

"मी मोटार लावायला चाल्लो होतो न?"

मुक्ताने माझा हात इतका घट्ट धरला की गोळा फुटला.

"हे बघा, बाईनं फोडला," आण्णा म्हणाले, आणि पुन्हा खणायला लागले. दुसऱ्या झाडाखाली. मग तिसऱ्या. माय त्यांच्यामागून चालत होती आणि प्रत्येक झाडाखाली विचारत होती, "हितं कशी हाय?" जणू तिला माहीत नव्हतं.

विष्णू बांधावर उभा होता. "माय, हे रोज कोण करणार?" आवाज मात्र सकाळचा नव्हता.

"लगीन झाल्यापसून त्यांच्या हातात काही ना काही देतच आले मी," माय म्हणाली. "तुलाबी मीच दिल्तं त्यांच्या हातात."

विष्णू पेटीवरच्या दिव्याकडे बघायला लागला. मोटारवाला माणूस, दिवा लागलेला आणि मोटार बंद, हे त्याला नवीन असावं. मग तो बांध उतरून खाली आला, आण्णांच्या समोर उकिडवा बसला.

"मंग पाणी कव्हा सोडायचं, आण्णा?"

मुक्ताने मला नंतर सांगितलं, अपघातानंतर घरात कोणी त्यांना असं काही विचारलंच नव्हतं.

आण्णांनी खुरपं झटकलं. "तुला काहून घाई झाली? मी हाय न हितं."

विष्णू हसला, आणि हसता हसता त्याने रुमाल काढला. "हा बहार बघू," तो मायला म्हणाला. "एवढा बहार." मायने पिशवीतले कपडे काढून दोरीवर टाकले, धुतलेलेच होते तरी.

संध्याकाळी विष्णू आम्हाला जालन्याला सोडायला निघाला. मागच्या सीटवर त्याने आण्णांसाठी उशी आणि शाल ठेवली होती. मुक्ता पुढे बसली, आणि पुण्याची गाडी पकडेपर्यंत ती उशी मी वापरली.